काळ्या कातळाखाली तेल? एम.एससी. प्रकल्पासाठी सल्ला हवा

साक्रीकर:
नमस्कार मंडळी. एम.एससी. भूशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. आमच्याकडे बोअर मारली की काळा कातळच लागतो, आणि वडील दर वेळी विचारतात, "याच्या खाली काय असेल रे?" दख्खनच्या कातळाखालच्या गाळाच्या खडकांत तेल-वायूची शक्यता किती, हाच विषय घ्यायचा मनात आहे. सर म्हणतात, आवाका फार मोठा. यातला कोणता तुकडा एका वर्षात होईल? विभागात परावर्तित प्रकाशाचा एक मायक्रोस्कोप आहे, बाकी फारसं काही नाही.

वेलसाइट_काका:
साक्रीकर, वडिलांचा प्रश्न नेमका आहे. हैदराबादच्या एनजीआरआयनं (राष्ट्रीय भूभौतिक संशोधन संस्था) तापी-नर्मदेच्या पट्ट्यात त्यावर बरंच काम केलंय. अडचण अशी, की लाव्हाचे एकावर एक थर असल्यानं भूकंपलहरींची शक्ती वरच्या वरच खर्च होते आणि खालचं चित्र धूसर येतं. म्हणून जोडीला मॅग्नेटोटेल्युरिक्स, म्हणजे खालचे खडक वीज किती वाहू देतात हे मोजायची पद्धत, वापरतात. कातळ विजेला अडवतो, खालचा ओलसर गाळाचा खडक ती वाहू देतो. सेंधवा-सिंदाड रेषेवरच्या सर्वेक्षणांत कातळाखाली जाड गाळाचे थर असावेत असं दिसलं. पण वीज वाहते ती खाऱ्या पाण्यामुळेही. तेल देणारा शेल, म्हणजे चिखलाचा पापुद्र्यांचा खडक, तिथं आहे का, हे त्यातून कळत नाही.

शिवाय असे थर सगळीकडे नाहीत. 1993 च्या भूकंपानंतर किल्लारीला 617 मीटरचं विवर खणलं. 338 मीटर बेसाल्ट, म्हणजे आपला काळा कातळच, मग जेमतेम 8 मीटर गाळ, आणि लगेच पायाचा प्राचीन खडक. कोयनेला सुमारे 930 मीटर बेसाल्ट संपला की थेट ग्रॅनाइट-नाइस, मधे गाळाचा पत्ता नाही. या दोन नोंदी मला फार मोलाच्या वाटतात. कुठे शोधायचं नाही, हे त्यांनी पक्कं सांगितलं.

मुंबई हायशी मात्र तुलना करू नका. तिथं 1974 ला तेल लागलं ते मियोसीन चुनखडीत, आणि ते तयार झालं खालच्या पन्ना फॉर्मेशनच्या शेलमध्ये. हे सगळे थर कातळाच्या नंतरचे, त्याच्या वर साचलेले. तुमचा प्रश्न कातळाच्या आधीच्या गाळाचा.

त्यातला तुकडा म्हणाल तर उष्णतेचा घ्या. 6.6 कोटी वर्षांपूर्वी एवढा लाव्हा वर आला, त्यानं खालच्या सेंद्रिय शेलचं काय केलं? नुसतं शिजवलं की करपवलं? तुमच्या नंदुरबार-धुळ्याच्या डाइक, म्हणजे भेगांत थिजलेल्या लाव्हाच्या उभ्या भिंती, तुम्ही रोज बघता. खालचा गाळ उघडा नसल्यानं त्यांचा परिणाम तिथं मोजता येणार नाही. पण सातपुड्यातल्या गोंडवाना कोळशात दख्खनच्याच काळातले डाइक आणि सिल (थरांमधे आडवे पसरलेले) घुसलेत. तिकडे छिंदवाडा-परासियाला जा. झारखंडमधल्या झरियाच्या खाणीत डाइकनं भाजलेल्या कोळशाला कामगार 'झामा' म्हणतात. डाइकपासून किती अंतरापर्यंत खडक बिघडतो, हे मोजलंत तर कातळाखालच्या गाळाबद्दल बोलायला तुमच्याकडे स्वतःचा आकडा असेल.

शेलवाली_ताई:
काकांशी सहमत. सेंद्रिय भूरसायनात पीएच.डी. करतेय, म्हणून नमुन्यांबद्दल सांगते. उघड्यावरच्या खडकातलं सेंद्रिय द्रव्य हवा-पाण्यानं गेलेलं असतं. वरचा मऊ भाग फोडून आतला ताजा दगड काढ. ॲल्युमिनियम फॉइलमध्ये गुंडाळ, मार्करची शाई दगडाला लावू नकोस, आणि गाडीत डिझेलच्या कॅनशेजारी ठेवू नकोस. हे सगळं रिपोर्टमध्ये दिसतं.

खडक किती तापलाय हे व्हिट्रिनाइट या कोळशातल्या घटकावरून किती प्रकाश परततो त्यावरून कळतं. हे व्हिट्रिनाइट परावर्तन 0.6 ते 1.3 टक्के म्हणजे साधारण तेलाचा टप्पा, पुढे वायू. तुमच्या मायक्रोस्कोपला फोटोमीटर (प्रकाश मोजायचं उपकरण) बसतो का, ते आधी बघ. रॉक-इव्हलचे, म्हणजे खडक तापवून करायच्या चाचणीचे, नमुने दुसऱ्या लॅबला पाठवलेस तर एस-2 (तापवल्यावर सेंद्रिय द्रव्यातून निघणारे हायड्रोकार्बन) ग्रॅममागे 0.2 मिलिग्रॅमच्या खाली आलेल्या नमुन्यांच्या टीमॅक्सवर (ते सर्वाधिक निघतात ते तापमान) काहीही मांडू नकोस. मार्गदर्शक कितीही आग्रह करोत.

साक्रीकर:
काका, ताई, मनापासून आभार. उष्णतेचा विषय सरांनाही पटेल. ताई, फोटोमीटर नाही बहुतेक. खाणीत विद्यार्थ्याला आत सोडतात का?

शेलवाली_ताई:
मग पॉलिश केलेले ठोकळे तू तयार कर आणि मोजायला फोटोमीटर असलेल्या विभागात दोन दिवसांची वेळ माग. बहुतेक ठिकाणी देतात.

वेलसाइट_काका:
विभागप्रमुखांचं पत्र खाण व्यवस्थापकाला आधी पाठवा, सोबत तिथल्या भूशास्त्रज्ञाला भेटायची वेळ मागा. त्यांच्याकडे खाणीच्या बोअरहोलच्या नोंदी असतात, डाइक कुठे आणि किती रुंद हे त्यात सापडतं. नमुने डाइकला अगदी लागून दाट घ्या, पुढे विरळ करत न्या, आणि डाइकच्या रुंदीच्या किमान दुपटीइतकं लांब जा. तिथला न भाजलेला कोळसा हाताशी नसेल तर बाकीची मापं कशाशी ताडून बघणार? पावसाआधी उरका.