मदत हवी आहे: पोराच्या स्वॅबमध्ये दोन-दोन जंतू निघाले, मग खोकला नक्की कशाचा?

मंडळी, मुलगा साडेतीन वर्षांचा, आम्ही पलूसजवळ राहतो. दिवाळीपासून ही तिसरी खेप, दरवेळी अँटिबायोटिकचा कोर्स, आठ-दहा दिवस बरे जातात की परत अंगणवाडीतून शिंकतच येतो. या वेळी मी हटूनच बसले की कशानं होतंय ते तरी बघा, मग मिरजेला नेलं, तिथं नाकात काडी घालून स्वॅब घेतला (पोरानं सिस्टरांचा चष्माच ओढला) आणि पीसीआर (जंतूंचा जनुकीय अंश शोधणारी तपासणी) केली. काल रिपोर्ट व्हॉट्सअ‍ॅपवर आला, ऱ्हायनोव्हायरस (सर्दीचा विषाणू) पॉझिटिव्ह आणि खाली न्यूमोकोकस हा जीवाणूपण पॉझिटिव्ह! डॉक्टर सोमवारी भेटणार. न्यूमोकोकसनं न्यूमोनिया होतो हे गुगलवर वाचल्यापासून झोप उडालीय. ताप कालपासून नाही, खेळतोय, रात्री खोकतो. न्यूमोकोकसवरच्या लसीचे, पीसीव्हीचे, तिन्ही डोस कार्डावर आहेत, तरी कसा निघाला? सासूबाई म्हणतात हे सगळं उसाचं पाचट पेटवतात त्या धुरानं, ओट्यावर काळी राख पडते ते खरंय.

प्रतिसाद १:
ताई, लॅबमध्ये काम करतो म्हणून सांगतो. न्यूमोकोकस धडधाकट पोरांच्या नाकातपण मुक्कामाला असतो, काही करत नाही. त्याचे शंभराच्या आसपास प्रकार, लस त्यातल्या मोजक्यांवर. ऱ्हायनो तर सर्दी गेल्यावरही काही दिवस पीसीआरमध्ये दिसतो. आणि स्वॅब नाकातला, फुफ्फुसातला नाही. एवढी पोरं बेडका थुंकत नाहीत, गिळतात, त्यामुळं खालचा नमुना मिळणं अवघड. रिपोर्टपेक्षा पोराकडं बघायचं.

प्रतिसाद २:
झोपला की शर्ट वर करून पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. या वयात ४० किंवा जास्त भरले, नाहीतर श्वास घेताना बरगड्यांखाली खळगा पडत असेल, पोरगं खात-पीत नसेल, तर सोमवारची वाट बघू नका, तसंच उचलून न्या. धुरातून जंतू येत नाहीत, पण श्वासनलिका सुजते आणि जंतूंचं फावतं. घरात कुणी विडी ओढतं का? दोन आठवड्यांच्या वर कुणी खोकतंय का? मुलांचा टीबी बहुतेकदा घरातल्या मोठ्यांकडून येतो, म्हणून विचारलं.

धागाकर्ती:
आत्ता मोजला, २८ भरले. खळगा नाही. सासरे महिनाभर खोकतायत, आम्ही विडीचा खोकला म्हणून सोडून दिलेलं. सोमवारी पोराला मिरजेला नेते आणि त्यांना थुंकी तपासायला सरकारी दवाखान्यात पाठवते, नको म्हणणारच ते, पण नातवाचं नाव काढलं की जातील.