मदत हवी आहे: स्कॅनर गाडीला कनेक्टच होत नाही (नागपूर)

बर्डीकर:
चेक इंजिनचा दिवा लागलाय. इंजिनचा दोष वाचायला ऑनलाइन ब्लूटूथ स्कॅनर मागवला, स्टिअरिंगखालच्या सॉकेटात लावला, पण अ‍ॅप कनेक्टच होत नाही. अ‍ॅप काढून परत टाकलं, फोन रीस्टार्ट केला. रविवारी अमरावतीला जायचंय, लवकर सांगा.

वाडीवाला_गॅरेज:
गाडी कोणती, साल कोणतं? स्कॅनरवरचा दिवा लागतो का?

बर्डीकर:
पेट्रोल, सीएनजी किट बाहेरून बसवलंय. गाडी ठीक चालून राहिली, सिग्नलला थोडी थरथरते फक्त. प्रश्न स्कॅनरचा आहे.

तर्री_जास्त:
आयफोन असेल तर विसरा. साधं ब्लूटूथवालं ईएलएम३२७ (हे स्वस्त स्कॅनर) त्याला चालत नाही. वायफायवालं घ्या. मी घेतलं, तेव्हापासून निवांत.

बर्डीकर:
अँड्रॉइड आहे हो.

निवृत्त_काका:
कशाला हा उपद्व्याप? बॅटरीचं निगेटिव्ह काढा, चहा प्या, परत लावा. दिवा गायब.

वाडीवाला_गॅरेज:
काका, काहून असं सांगून राहिले? गाडीने नोंदवलेला दोषाचा कोड पुसला जाईल, दोष तिथंच राहील. दोष आला तेव्हा आरपीएम किती, इंजिन किती तापलेलं, ती नोंदही जाईल. आम्हाला तीच तर पाहिजे असते.

निवृत्त_काका:
आमच्या काळात इंजिनाच्या आवाजावरून कळायचं.

इतवारी_एक्सप्रेस:
सीएनजी टाकीची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची तपासणी) झाली का? दर ३ वर्षांनी लागते.

बर्डीकर:
हायड्रोचं कोणी विचारलं?? आणि स्कॅनरवर दिवा नाही लागत. लागायला पाहिजे का?

वाडीवाला_गॅरेज:
लागायलाच पाहिजे भाऊ! त्या सॉकेटच्या १६ नंबरच्या पिनवर किल्ली बंद असली तरी बॅटरीचे १२ व्होल्ट असतात, ४ आणि ५ वर अर्थ. दिवा नाही म्हणजे करंटच नाही, अ‍ॅपचं नंतर पाहू. सिगारेट सॉकेटात चार्जर चालतो का? बऱ्याच गाड्यांत दोन्हींचा फ्यूज एकच असतो.

बर्डीकर:
तो तर केव्हाचा बंद आहे. टायरात हवा भरायचा पंप लावला होता, तेव्हापासून. त्याचा काय संबंध?

तर्री_जास्त:
अरे राजा, हे पहिल्यांदाच सांगायचं ना बे 😂

वाडीवाला_गॅरेज:
फ्यूज उडालाय. जितक्या अँपिअरचा आहे तितक्याचाच टाका, मोठा नको.

निवृत्त_काका:
आम्ही सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळायचो.

वाडीवाला_गॅरेज:
असं करूनच वायरिंग जळते, काका.

बर्डीकर:
फ्यूज टाकला, दिवा लागला, ब्लूटूथ जुळलं. आता अ‍ॅप म्हणतं ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) उत्तर देत नाही. वैताग आहे.

वाडीवाला_गॅरेज:
किल्ली पूर्ण ऑनवर ठेवा, नुसती अ‍ॅक्सेसरीवर नाही. आणि साल अजून सांगितलं नाही! जुन्या गाड्यांत ईसीयूशी बोलणं ७ नंबरच्या पिनवर के-लाइनने होतं, नव्यांत ६ आणि १४ वर कॅनने. स्वस्त नकली स्कॅनर ऑटो मोडवर गडबडतात. अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये प्रोटोकॉल (बोलण्याची पद्धत) हाताने निवडून पहा.

बर्डीकर:
२०१४. केडब्ल्यूपी (के-लाइनवालं) निवडल्यावर लागलं! पी०३०३ दाखवतंय. हे काय आता?

वाडीवाला_गॅरेज:
तिसऱ्या सिलिंडरचा मिसफायर, म्हणजे त्यात इंधन नीट जळत नाही. थरथर त्याचीच. प्रत्येक सिलिंडरची ठिणगीची कॉइल वेगळी असेल तर तिसऱ्याची दुसऱ्यावर लावा, कोड पुसून गाडी फिरवा. पी०३०२ आला तर कॉइल गेली. पी०३०३च आला तर स्पार्क प्लग पहा, सीएनजीवर ते लवकर घासतात. नुसत्या पेट्रोलवर थरथर थांबली तर मात्र किटवाल्याकडे जा. तोवर अमरावती राहू द्या, कॅट (धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) जळेल.

इतवारी_एक्सप्रेस:
किटवाल्याकडे जाताच आहात तर हायड्रोचं विचाराच.

निवृत्त_काका:
तो हवेचा पंप कितीला घेतला?