मदत हवी आहे: मोंतेफाल्कोला रविवारी कसं जावं?

नमस्कार मंडळी! ऑक्टोबरात आई-बाबांना घेऊन इटलीत उंब्रियाला जातेय. असिसी तर होईलच, पण माझा जीव अडकलाय मोंतेफाल्कोच्या सान फ्रांचेस्को चर्चमध्ये. चौदाव्या शतकातलं हे चर्च १८९५ पासून गावाचं कलासंग्रहालय आहे. वेदीमागच्या भिंतींवर बेनोत्सो गोत्सोलीने संत फ्रान्सिसचं चरित्र रंगवलंय, १४५२ मध्ये पूर्ण केलं. त्यात फ्रान्सिसचा जन्म चक्क गोठ्यात होतो, शेजारी बैल आणि गाढव, अगदी येशूसारखा! पक्ष्यांना उपदेश करतानाच्या चित्रात तर खुद्द मोंतेफाल्को गावच दिसतं. पेरुजिनोचं येशूजन्माचं भित्तिचित्रही इथेच आहे.

फोलिन्योपर्यंत आम्ही रेल्वेने येऊ. पुढे टेकडीवर जायला रविवारी बस मिळते का, की सरळ टॅक्सी करावी? बाबांचे गुडघे दुखतात, त्यामुळे उतरल्यावर किती चढावं लागतं हे कळलं तर फार बरं होईल. आत बसायला बाकं आहेत का? आणि वरच्या ओळीतली चित्रं खालून नीट दिसतात, की दुर्बीण सोबत घेऊ? कुणी जाऊन आलं असेल तर प्लीज सांगा, तिकिटं याच आठवड्यात काढायची आहेत.