मॅनोमेट्रीचा रिपोर्ट कितपत धरायचा? (मॅनोमेट्री म्हणजे गुदद्वारात बारीक नळी घालून स्नायूंचा दाब मोजणं)

सायली_फिजिओ
शौच रोखता न येणाऱ्या रुग्णांचे रिपोर्ट हातात आले की जवळपास प्रत्येकात 'कुंथताना गुदद्वार आवळतं, डिससिनर्जिया' (सैल पडायच्या ऐवजी स्नायू उलट आवळणं) असा शेरा असतो. त्यावरून व्यायाम ठरवावेत का? गुदद्वाराची सोनोग्राफी कधी मागवावी?

दाबमोजणी
सगळ्यात आधी हातमोजा घालून बोटाने तपासा. सैल पडलेलं गुदद्वार, आवळण्याची ताकद, आत साठून राहिलेला मळ, एवढं मिनिटभरात कळतं. मळ साठलेला असेल तर त्याच्या कडेने पातळ शौच गळतं आणि सगळे जण स्नायूला दोष देत बसतात.

मॅनोमेट्री डाव्या कुशीवर, मांड्या-गुडघे दुमडून होते. नळी आत गेल्यावर 3 मिनिटं काहीही करायला सांगायचं नाही. घाई केली की रुग्ण आकसलेला राहतो आणि विश्रांतीचा दाब उगाच फुगलेला दिसतो. लंडन प्रोटोकॉलचा (या तपासणीची ठरलेली प्रमाण पद्धत) क्रम असा: 60 सेकंद विश्रांती, 5 सेकंदांचं आवळणं तीनदा, 30 सेकंदांचं एकदा, खोकला दोनदा, 15 सेकंद कुंथणं तीनदा. मध्येमध्ये उसंत द्यायची, नाहीतर दमलेला स्नायू दुबळा म्हणून नोंदला जातो.

गुदद्वाराभोवती स्नायूंची दोन कडी असतात: विश्रांतीच्या दाबाचा मोठा वाटा आतल्या स्नायूचा, आवळण्याचा बाहेरच्याचा. खोकल्याचा आलेख मात्र फार थोडे लोक नीट बघतात. खोकल्यावर दाब झटक्यात चढतो, पण 'आवळा' म्हटल्यावर काहीच हलत नाही? मग खालचा मज्जातंतूमार्ग शाबूत आहे. एकतर सूचना कळलेली नाही, नाहीतर मेंदूकडून येणाऱ्या वाटेत अडथळा आहे. खोकल्यावरही आणि आवळतानाही दाब चढत नसेल तर कमरेखालच्या मज्जातंतूंकडे बघावं लागतं.

सायली_फिजिओ
आणि कुंथण्याचं काय?

दाबमोजणी
तिथेच गोम आहे. कुशीवर पडून, अनोळखी माणसांसमोर कुंथायला सांगितलं की धडधाकट माणसंही आवळतात. म्हणून नुसत्या त्या आलेखावर निदान करू नये. फुगा बाहेर टाकण्याची चाचणी जोडीला हवीच: गुदाशयातल्या फुग्यात 50 मिली कोमट पाणी, रुग्ण कमोडवर, दार बंद. साधारण 1 ते 2 मिनिटांत फुगा बाहेर पडला तर तो शेरा मी बाजूला ठेवेन. पडला नाही आणि आलेखही तसाच असेल, तर बायोफीडबॅकला (पडद्यावर दाब बघत स्नायू नीट वापरायचा सराव) अर्थ आहे.

गुदाशयातला फुगा हवेने फुगवल्यावर आतला स्नायू आपोआप सैल पडतो का, हेही बघतात. दाब विश्रांतीच्या किमान 25 टक्के उतरायला हवा. जुनाट बद्धकोष्ठात गुदाशय ऐसपैस झालेला असतो, तिथे नेहमीएवढी हवा पुरत नाही. जास्त हवा भरून पुन्हा बघितल्याशिवाय 'प्रतिक्षेप नाही' असं लिहू नये.

सोनोवाचक
सोनोग्राफी आकडे देत नाही, फाटलंय का ते दाखवते. प्रसूतीतली इजा किंवा भगंदराची शस्त्रक्रिया झालेली असेल तर ती मागवाच. आतला स्नायू काळी कडी दिसतो, जाडी 2-3 मिमी. त्याच्या बाहेरचं पांढरट, मिश्र वलय म्हणजे बाहेरचा स्नायू. जागा घड्याळाच्या तबकडीसारखी सांगतात: 12 वाजता म्हणजे पुढची बाजू. रिपोर्टात '10 ते 1' अशी नेमकी जागा नसेल तर पुन्हा विचारा.

एक सापळा: बायकांमध्ये गुदमार्गाच्या वरच्या पातळीवर पुढच्या बाजूला बाहेरचा स्नायू मुळातच नसतो. तिथली मोकळी जागा फाटल्यासारखी दिसते. मधल्या पातळीवरही खंड असेल तरच इजा म्हणावी. प्रोबच्या (सोनोग्राफीची आत घालायची दांडी) आवरणात हवेचा बुडबुडा राहिला तर पडणारी सावलीही अशीच फसवते. बाहेरचा स्नायू झिजला असेल तर एमआरआय जास्त स्पष्ट सांगतो.

सायली_फिजिओ
बोटाला आवळणं चांगलं लागतं, पण रिपोर्टात आकडा कमी. असं का?

दाबमोजणी
नळी सरकली असेल, किंवा फिशरसाठीचं (गुदद्वाराची चीर) नायट्रोग्लिसरीन वा डिल्टियाझेमचं मलम चालू असेल. मलमाने विश्रांतीचा दाब उतरतो, म्हणून नेमका कुठला आकडा कमी आहे ते आधी बघा. आणखी एक: सॉलिड-स्टेट नळीच्या (जिच्यात इलेक्ट्रॉनिक सेन्सर असतात) सेन्सरचे आकडे शरीराच्या उबेने हळूहळू ढळतात. चाचणी संपल्यावर नळी बाहेर काढून हवेत धरली तेव्हा आकडे शून्यावर आले होते का आणि दुरुस्ती केली का, हे तंत्रज्ञाला विचारा.