प्रति: रास्पबेरी पाय ३ वर ईव्हन पॅरिटी लावली की कचरा येतो

रास्पबेरी पाय ३ या छोट्या संगणकाच्या सीरियल पोर्टवर ईव्हन पॅरिटी (चूक ओळखण्यासाठी प्रत्येक बाइटसोबत जाणारा जादा बिट) लावली की निरर्थक बाइट येतात, असं तुम्ही म्हणता. तुमचा प्रोग्राम उघडण्याआधी पोर्ट कोणता आहे ते बघा. पाय ३ वर पिन ८ आणि १० ला मुळात मिनी यूआर्ट (साधं सीरियल सर्किट) जोडलेला असतो. पीएल०११ हा चांगला यूआर्ट ब्लूटूथकडे गेलेला असतो. मिनी यूआर्टमध्ये पॅरिटीची सोयच नाही, त्यामुळे ईव्हन पॅरिटी मागणारं मॉडबस (यंत्रांमधली एक संवादपद्धत) उपकरण त्याच्याशी बोलणार नाही. ब्लूटूथ लागत नसेल तर ते बंद करणारा ओव्हरले (हार्डवेअरची जोडणी बदलणारी सेटिंग) बूट कॉन्फिगमध्ये (पाय सुरू होताना वाचतो त्या फाइलमध्ये) टाका, म्हणजे पीएल०११ पिनांवर येईल. सीरियल कन्सोलही (त्याच पोर्टवरून लॉगिन करण्याची सोय) बंद करा, नाहीतर लॉगिनचा मजकूर तुमच्या डेटात मिसळेल.

एवढं करूनही मधलाच एखादा बाइट बदलत असेल तर टर्मिओसकडे (लिनक्समधल्या सीरियल पोर्टच्या सेटिंगकडे) बघा. मी यात दोन रात्री घालवल्या आहेत: उपकरण १३ हा बाइट पाठवत होतं आणि मला १० मिळत होता! लिनक्स त्याला ‘एंटर’ समजून नवी ओळ करत होतं. १७ आणि १९ तर फ्लो कंट्रोल (पाठवणं थांबवा किंवा सुरू करा असा इशारा) म्हणून गिळले जातात. पोर्ट उघडताच रॉ मोड लावा, म्हणजे बाइट जसेच्या तसे मिळतील.

आणि हो, पिना ३.३ व्होल्टच्या आहेत. ५ व्होल्टचं उपकरण थेट जोडू नका, मध्ये लेव्हल कन्व्हर्टर (व्होल्टेज जुळवणारं सर्किट) हवाच.