मदत हवी आहे: घरी बनवलेला बाक डुगडुगतोय

नमस्कार मंडळी. मी नाशिकचा, सुतारकाम यूट्यूबवर बघून शिकलेला (म्हणजे न शिकलेलाच). अंबडच्या एका भंगारवाल्याकडून जुन्या पॅलेटच्या (माल रचायच्या लाकडी चौकटीच्या) पाइनच्या फळ्या आणल्या आणि अंगणात आईसाठी बाक केला. लांबी ४ फूट, उंची १८ इंच, फळी पाऊण इंच जाडीची. गुण्या लावून पाय काटकोनात बसवले, स्क्रू मारले. पहिल्या दिवशी ठणठणीत होता. आठवड्याने आई बसली आणि म्हणाली, "अरे, हा बाक आहे की पाळणा?"

उजवीकडे कललं की डावा पाय अर्धा सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) उचलतो, आणि मधली फळी वाकते. खाच पाडून सांधा करायला हवा होता हे आता कळतंय, पण पटाशी हातात धरली की माझा अंगठाच आधी कापतो.

सगळं न उकलता पायांमध्ये आडवी पट्टी आणि तिरपा टेकू दिला तर भागेल का? फळीखाली मधोमध एक आडवा दांडा देऊ का? आणि पाऊस तोंडावर आलाय. जवसाचं तेल पुरेल की वॉर्निशच मारू? पायांची बुडं तर ओल्या फरशीवरच असतात.

सागवान घे, असं कृपया सांगू नका. भाव विचारून आलोय.