दादा वसाहतीत राहतो, घरी नाही. यात चुकीचं काय?

सदाफुली (धागाकर्ती)

माझ्या मोठ्या भावाला डाउन सिंड्रोम आहे. वय ४६. काही वर्षांपासून तो पुण्याबाहेर, बौद्धिक अक्षम प्रौढांच्या एका निवासी वसाहतीत राहतो. आमच्याकडे लग्नकार्यात कुणीतरी म्हणतंच, "एवढा मोठा फ्लॅट आहे तुझा, आणि दादा आश्रमात?" घरी ठेवलं म्हणजे माया आणि बाहेर ठेवलं म्हणजे जबाबदारी झटकली, हा हिशेब मला मान्य नाही. म्हणून हा धागा.

घरी दादाला प्रेम कमी नव्हतं. आई त्याला चाळिशीपर्यंत पोळी चुरून द्यायची. सकाळी आंघोळ, मग गॅलरीत खुर्ची, दुपारी टीव्ही, संध्याकाळी बाबांबरोबर कोपऱ्यापर्यंत फेरी. पाहुणे आले की "तू बस हं राजा". काही करावंच लागत नव्हतं, त्यामुळे काही येतही नव्हतं. अठराव्या वर्षी विशेष शाळा संपली आणि त्यानंतर त्याच्या वयाचा एकही मित्र त्याला उरला नाही.

आता तो राहतो तिथे चार घरं आहेत. एका घरात आठ-नऊ जण आणि एक गृहमाता. दादाकडे पानं घ्यायचं काम आहे. कुणाच्या पोळीला तूप नको, कुणाला भात मऊ लागतो, कुणाचा हात थरथरतो म्हणून त्याला जड ताट द्यायचं, हे सगळं त्याला पाठ आहे. माझ्या हातून ताटांची अदलाबदल झाली तर तो न बोलता ती परत बदलतो. दहा ते साडेचार कार्यशाळा. आषाढापासून राख्या, त्या संपल्या की पणत्या आणि उटणं. त्याला आकडे वाचता येत नाहीत, म्हणून वजनकाट्यावर हिरवी खूण केली आहे. काटा खुणेवर आला की पाकीट बंद. मानधन थोडंच मिळतं, पण ते त्याच्या कपाटात असतं आणि कपाटाची किल्ली त्याच्या करदोट्याला. मलाही तो ती देत नाही. घरी त्याच्या कपाटाला कुलूप असावं, हे आमच्यापैकी कुणाला कधी सुचलंच नव्हतं.

शेचाळीस वर्षांच्या माणसाला स्वतःचं काम, स्वतःचे मित्र आणि स्वतःची भांडणं असायला हवीत, असं माझं स्पष्ट मत आहे. ते घरी शक्य नव्हतं. ज्यांना हे पटत नाही त्यांनी जरूर लिहा.

मिरजकर

ताई, मला पटत नाही. माझा मुलगा एकोणीस वर्षांचा आहे, तोही असाच. तो सकाळी डेअरीतून दुधाच्या पिशव्या आणतो, वाटेत मारुतीच्या देवळात घंटा वाजवतो. किराणावाला त्याला उधारीच्या वहीवर शिक्का मारायला देतो. गल्लीत एकही घर असं नाही की जिथे त्याचं नाव माहीत नाही. तुमच्या दादांना फक्त त्यांच्यासारख्याच तीस-पस्तीस जणांत नेऊन ठेवलंय. काम आहे, मित्र आहेत, मान्य. पण गाव कुठे आहे? लग्न, बारसं, मयत, भिशी, क्रिकेटवरून होणारी बाचाबाची, हे सगळं तिथून वजा झालं. तुमच्या घरी त्यांना गॅलरीत बसवलं गेलं, त्यावर उपाय त्यांना जिन्यावरून खाली उतरवणं हा होता. गावाबाहेर पाठवणं नव्हे.

पिंपळपान

मी विशेष शिक्षिका आहे, आयुष्याचा मोठा भाग प्रौढ कार्यशाळेत गेला. मिरजकर, तुमची गल्ली चांगली आहे हे वाचून बरं वाटलं, पण एक गोष्ट सांगते. गल्ली लहान मुलाला जेवढी सांभाळते तेवढी दाढी आलेल्या पुरुषाला सांभाळत नाही. दहाव्या वर्षी जो शेजारणीच्या गळ्यात पडतो त्याचं कौतुक होतं. तिशीत तेच केलं की तक्रार येते, आणि मग आईवडील त्याला आत ठेवायला लागतात. कार्यशाळेतल्या कितीतरी जणांचं असं झालेलं मी पाहिलं आहे.

दुसरं म्हणजे वेळ. बहुतेक पालक सत्तरी ओलांडल्यावर, एकजण गेल्यावर जागा शोधायला लागतात. मग आई गेल्याच्या पंधराव्या दिवशी या माणसाचं घर, खोली, जेवणाची चव, सगळं एकदम बदलतं. त्याला आई गेली हेही नीट कळलेलं नसतं. असे लोक जेवणं सोडतात, महिनोन्महिने बोलत नाहीत. जायचंच असेल तर आईवडील धडधाकट असताना, अधूनमधून आठवडाभर राहून, सवय होत जायला हवं.

तिसरी घंटा

मी दोन्ही बाजूंच्या विरोधात आहे.

घरी आईवडिलांची मर्जी, वसाहतीत संस्थेची. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम ५ सांगतं की दिव्यांग व्यक्तीला समाजात राहण्याचा हक्क आहे आणि तिच्यावर अमुकच एका व्यवस्थेत राहण्याची सक्ती होऊ नये यासाठी सरकारने प्रयत्न करायचा आहे. भारताने २००७ मध्ये मंजूर केलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्क करारातलं कलम १९ तर स्पष्ट म्हणतं: कुठे आणि कुणाबरोबर राहायचं हे त्या माणसाने ठरवायचं. सदाफुलीताई, तुम्ही पूर्ण धाग्यात दादांचं काम सांगितलंत, किल्ली सांगितलीत. तिथे जायचं हे कुणी ठरवलं, ते सांगितलं नाहीत.

पर्याय वसाहत नाहीच. साध्या सोसायटीतला साधा फ्लॅट, दोघं-तिघं मित्र, आणि गरजेपुरता मदतनीस. इंग्लंडमध्ये भाडेकरार त्या व्यक्तीच्या नावावर असतो आणि मदत देणारी संस्था वेगळी असते. मदतनीस आवडला नाही तर तो बदलायचा, घर सोडावं लागत नाही. वसाहतीत घर आणि मदत एकाच हातात. तक्रार केली तर दोन्ही जाण्याची भीती.

लीड्सकर

मी इंग्लंडमध्ये नेमकी हीच, मदतनिसाची नोकरी करतो, म्हणून लिहितो. भाडेकरार नावावर असतो हे खरं. पण कौन्सिल, म्हणजे तिथली स्थानिक पालिका, मदतीचे तास मंजूर करतं, आणि पैसे आटले की तास कापले जातात. मी सकाळी नाश्ता, औषधं, एखादी खरेदी एवढं उरकून निघतो. मग तो माणूस आणि टीव्ही. त्याचे शेजारी वाईट नाहीत, पण आठवड्यात त्याच्याशी बोलणारा मीच, आणि मी पगारी.

आमच्या यॉर्कशरमध्येच बॉटन नावाचं खेडं आहे. १९५५ मध्ये कॅम्पहिलवाल्यांनी वसवलं. कार्ल क्योनिग हा व्हिएन्नाचा डॉक्टर नाझींपासून वाचून स्कॉटलंडला आला आणि अॅबर्डीनजवळ १९४० च्या सुमारास त्याने ही चळवळ सुरू केली. दिव्यांग आणि इतर माणसं एका छपराखाली, शेती, बेकरी, सुतारकाम, आणि कुणाला पगार नाही. २०१० नंतर गाव चालवणाऱ्या ट्रस्टने ठरवलं की मदत करणारे यापुढे पगारी कर्मचारी असतील, घरातले सोबती नाहीत. त्यावरून गाव दुभंगलं, प्रकरण कोर्टात गेलं. कुटुंबं म्हणत होती की ज्यांच्याबरोबर आमची मुलं वर्षानुवर्षं जेवली, त्यांना तुम्ही शिफ्ट ड्युटीवाले करताय. हक्क कागदावर पूर्ण असूनही माणूस एकटा पडू शकतो, हे मी रोज बघतो.

कोरडवाहू

सगळी चर्चा पैसेवाल्यांची चाललीय, माफ करा. आमच्या जिल्ह्यात प्रौढांसाठी अशी एक जागा नाही. आहेत त्या पुण्या-मुंबईकडे, आणि तिथलं महिन्याचं शुल्क माझ्या पगाराएवढं, वर अनामत. राष्ट्रीय न्यासाची (बौद्धिक दिव्यांगांसाठीची केंद्र सरकारची संस्था) समर्थ-घरौंदा ही निवासाची योजना आहे, पण आमच्या तालुक्यातून जवळचं केंद्र गाठायचं म्हणजे एका दिवसाचं काम नाही. न्यासाच्याच निरामय आरोग्यविम्यातून लाखापर्यंत दवाखान्याचा खर्च निघतो, तेवढा एक आधार. सरकारी नोकराच्या अशा मुलाला आईवडिलांमागे हयातभर कुटुंब निवृत्तिवेतन मिळतं. शेतकऱ्याच्या मुलाला काय? माझा चुलतभाऊ वडिलांनंतर गोठ्यालगतच्या खोलीत राहतो. त्याला "घरी ठेवलंय". निवड कसली करायची?

पिंपळपान

कोरडवाहू, तुमच्या भावाचं युडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) आणि कायदेशीर पालकत्व झालंय का? राष्ट्रीय न्यासाच्या १९९९ च्या कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक स्तर समिती असते, अर्ज तिथे करायचा. पालक नेमला की सहा महिन्यांत त्या व्यक्तीच्या मालमत्तेची यादी आणि दरवर्षी हिशेब समितीला द्यावा लागतो. जमिनीत त्याचा हिस्सा असेल तर हे आधी करा. खोली गोठ्यालगत का आहे, हा प्रश्न त्यानंतर विचारता येतो.

मिरजकर

मला मुख्य भीती वेगळीच आहे, आणि कुणी तिच्याबद्दल बोलत नाही. रात्री काय होतं? माझा मुलगा दोन-तीन शब्दांपलीकडे सांगू शकत नाही. २००१ साली तामिळनाडूत एरवाडीला आग लागली तेव्हा मानसिक रुग्ण साखळदंडांनी बांधलेले होते, अठ्ठावीस जण मेले. तो दर्ग्याजवळचा खाजगी अड्डा होता, मान्य. पण चांगल्या नावाच्या जागांचं काय? फ्रान्समध्ये १९६४ साली सुरू झालेल्या 'लार्श' या अशाच सहजीवन वसाहतींना जग संतांचं काम म्हणत होतं. बंगलोरला १९७० पासून त्यांचं आशा निकेतन आहे. संस्थापक ज्यां वानिए २०१९ मध्ये वारले, आणि पुढच्याच वर्षी संस्थेने स्वतः करवून घेतलेल्या चौकशीत निघालं की त्यांनी सहा स्त्रियांचं शोषण केलं होतं. त्या स्त्रिया दिव्यांग निवासी नव्हत्या, पण मुद्दा तोच: जिथे एका माणसाच्या पुण्याईवर सगळं चालतं, तिथे शंका घेणारा कृतघ्न ठरतो. माझ्या घरात रात्री मी आहे.

सदाफुली

सगळ्यांना एकत्र उत्तर देते.

मिरजकर, तुमची भीती रास्त आहे आणि माझीही तीच होती. म्हणून जागा निवडताना मी संस्थापकांचं भाषण ऐकलं नाही, रात्रपाळीच्या मावशींशी बोलले. रात्री जागं कोण असतं, एका माणसामागे किती जण, पुरुषांच्या घरात रात्री कोण जातं, न सांगता भेटायला आलं तर फाटक उघडतात का, २०१६ च्या कायद्याखालची नोंदणी चालू आहे का. दोन ठिकाणी "आधी फोन करून या, मुलं डिस्टर्ब होतात" म्हणाले. तिथून मी परत फिरले. दादाला जास्त बोलता येत नाही, पण त्याला काही नको असेल तर तो लपवू शकत नाही. एका मदतनिसाच्या हातून त्याने आंघोळीला जायचं बंद केलं, तेव्हा घराने चौकशी केली आणि माणूस बदलला. कारण साधं निघालं, पाणी फार गरम काढायचा. पण त्याचं ऐकलं गेलं.

गावाबद्दल मात्र तुमचं बरोबर आहे. शेजारच्या वाडीतल्या जत्रेला ते जातात, पोळ्याला बैल यांच्याकडे येतात, शनिवारी बाजार. तरी ते पाहुणे म्हणूनच. वाडीतल्या एखाद्या घरी दादा न सांगता पाणी मागायला जाऊ शकेल, इतकी ओळख अजून झालेली नाही.

तिसरी घंटा, ठरवलं मीच, आईबरोबर. दादाला आधी तिथे काही दिवस राहू दिलं, मग घराचे आणि तिथले फोटो समोर ठेवून विचारलं. त्याने तिथला, ताटांचा फोटो उचलला. तुम्ही म्हणाल की फोटो दोनच होते. होते दोनच, कारण पुण्यात तिसरा पर्याय मला मिळाला नाही. तुमचा तो फ्लॅट कुठे आहे, पत्ता द्या, मी उद्या बघायला जाते.

तिसरी घंटा

पत्ता माझ्याकडे नाही. म्हणूनच मागणी त्याची व्हायला हवी, आणि वसाहती चांगल्या आहेत म्हटलं की ती मागणी कुणी करत नाही. बाकी, फोटो दरवर्षी समोर ठेवता का? एकदा उचललेला फोटो म्हणजे जन्मठेपेचा करार नव्हे.

सदाफुली

ठेवते. गणपतीला तो पाच दिवस घरी येतो. परत जाताना कधी स्वतः पिशवी भरतो, कधी रुसून गॅलरीत बसतो. रुसला की आम्ही थांबतो, एकदोन दिवसांनी पुन्हा विचारतो. एका वर्षी तो दिवाळीपर्यंत राहिला आणि पणत्यांचं काम चुकल्याबद्दल नंतर माझ्यावरच चिडला.

मिरजकर

तुमची जागा चांगली असेल, ताई. माझं मत बदललेलं नाही. मी आमच्याच गावात दिवसाची कार्यशाळा काढता येते का ते बघतोय, संध्याकाळी प्रत्येकजण आपल्या घरी. आमच्यानंतरचं काय, हा प्रश्न त्याने सुटत नाही, हे मलाही दिसतं.

पिंपळपान

सदाफुली, एक अवघड प्रश्न, पण विचारायलाच हवा. १९८० च्या दशकात डाउन सिंड्रोम असलेली माणसं सरासरी पंचविशीपर्यंत जगत. आता प्रगत देशांत साठीपर्यंत जगतात. पण त्यांच्यात अल्झायमर फार लवकर येतो, पन्नाशीच्या आसपासच दिसायला लागतो, आणि साठीपर्यंत निम्म्याहून अधिक जणांना गाठतो. उद्या दादा ताटं विसरायला लागला, अंथरुणात शी-शू व्हायला लागली, रात्री भटकायला लागला, तर वसाहत त्याला ठेवून घेईल? बऱ्याच करारांत "स्वतःचं स्वतः आवरणारे" अशी अट असते. म्हणजे ज्या वयात घर सर्वात जास्त लागतं, त्याच वयात ते सुटतं.

सदाफुली

करार काढून बघितला. अट आहे. "दैनंदिन व्यवहारात स्वावलंबी" असं लिहिलंय, आणि तसं न राहिल्यास पालकांना तीन महिन्यांची मुदत. तोंडी सगळे म्हणतात, "दादाला आम्ही थोडेच सोडणार आहोत". मला ते लेखी हवंय. पुढच्या पालकसभेत विषय घेतेय, आणखी चार कुटुंबं बरोबर आहेत. कुणाच्या वसाहतीच्या करारात म्हातारपण आणि आजारपणाचं कलम असेल, तर त्याचा मजकूर नावगाव गाळून इथे टाकाल का? नमुना हातात असला की सभेत बोलणं सोपं जाईल.